गिलगिट स्काउट्स : स्वस्तातल्या पहाऱ्याची किंमत

नोव्हेंबर महिना उजाडला की ‘एका इंग्रज मेजरने गिलगिट पाकिस्तानच्या घशात घातले’ अशा आशयाच्या पोस्ट फिरू लागतात. त्या अगदीच खोट्या नाहीत. मेजर विल्यम ब्राउन (हा खरे तर स्कॉटिश) गिलगिट स्काउट्स या ब्रिटिशांनी उभ्या केलेल्या स्थानिक निमलष्करी दलाचा कमांडंट होता आणि ३१ ऑक्टोबर १९४७ च्या रात्री जम्मू-काश्मीरचे महाराजा हरिसिंह यांचे गव्हर्नर घनसारा सिंह यांच्या बंगल्याला वेढा पडला, तो त्याच्याच दलाचा होता. पण ब्राउन तेव्हा २४ वर्षांचा होता आणि दलात त्याच्याखेरीज दुसरा ब्रिटिश अधिकारी एकच, तो म्हणजे चिलासला असलेला कॅप्टन मॅथिसन. दोघांच्या मनात आले म्हणून सुमारे ६०० हत्यारबंद माणसे उठत नसतात. ती माणसे कोण होती आणि आजवर कोणाचे मीठ खात आली होती, हे पाहिल्याशिवाय त्या रात्रीचा उलगडा होत नाही, असे माझे मत आहे.

रशिया पामीरच्या पठाराकडे सरकत आहे या धास्तीने ब्रिटिशांनी १८८९ मध्ये गिलगिट एजन्सी, म्हणजे तिथले आपले राजकीय ठाणे, पुन्हा उभी केली आणि १८९१ मध्ये हुंझा व नगर ही दोन राज्ये लढून वठणीवर आणली. त्यानंतरचा प्रश्न पहाऱ्याचा होता. श्रीनगरहून गिलगिटला जाणारी वाट बुर्झिल खिंडीतून जाते, आणि ती खिंड वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली असते. बाहेरची पलटण तिथे ठेवायची म्हणजे तिचा दाणागोटा खेचरांच्या पाठीवरून वाहून न्यायचा. त्यापेक्षा तिथलाच माणूस नेमला, तर तो तिथलेच धान्य खातो, वाटा जाणतो आणि थंडीला सरावलेला असतो. १९१३ मध्ये गिलगिट स्काउट्स उभे राहिले, त्यामागे हा हिशेब होता. खैबर आणि वझिरिस्तानात लॉर्ड कर्झनने नियमित फौज मागे घेऊन स्थानिक मिलिशिया (तिथल्याच लोकांची सशस्त्र दले) पुढे केल्या, तो हिशेबही याच जातीचा.

दलाची बांधणी मोठी चतुर होती. हुंझा, नगर, पुनियाल, यासिन अशा एकेका मुलखातून जवान घेतले जात आणि त्यांचे देशी अधिकारी बहुधा तिथल्या मीर-राजांच्या गोतावळ्यातले असत. सुभेदार मेजर बाबर खान हा नगरच्या राजघराण्यातलाच. म्हणजे जवानाची निष्ठा पहिल्यांदा आपल्या राजाशी, राजाची पोलिटिकल एजंटशी (संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याशी) आणि एजंटची दिल्लीशी. या साखळीत जम्मूच्या महाराजांची कडी कुठेच नव्हती. २६ मार्च १९३५ रोजी सिंधूपलीकडचा गिलगिटचा भाग ६० वर्षांच्या पट्ट्याने ब्रिटिशांकडे गेला आणि संस्थानची फौज सिंधूच्या अलीकडे बुंजीला आली; तेव्हापासून तर महाराज हे त्या जवानांसाठी केवळ नाव उरले.

अशा परिस्थितीत पट्टा मुदतीआधीच रद्द करून १ ऑगस्ट १९४७ रोजी गिलगिट महाराजांना परत देण्यात आले. कागदोपत्री व्यवहार चोख होता. प्रत्यक्षात घनसारा सिंह गव्हर्नर म्हणून आले, ते जवळजवळ रिकाम्या हातांनी. यापुढे पगार कोण देणार आणि नोकरीच्या अटी कोणत्या, या स्काउट्सच्या प्रश्नांना त्यांच्याजवळ ठाम उत्तर नव्हते. जवळची संस्थानी पलटण बुंजीला होती आणि तिच्यातलेही मुसलमान जवान, कॅप्टन मिर्झा हसन खानसह, पुढे उठावात सामील झाले. संस्थानचे भारतात विलीनीकरण झाल्याची बातमी त्या खोऱ्यात येऊन पडली ती या दारूगोळ्यावर. ब्राउनने आपले वजन पाकिस्तानच्या पारड्यात टाकले आणि त्याचा दोष त्याच्या माथी राहीलच. पण पारडे आधीच झुकलेले होते.

सगळे खापर त्याच्यावर फोडण्यात आणखी एक खोट आहे. गिलगिटच्या माणसांना स्वतःचे मत असू शकते, हेच आपण त्यामुळे नाकारतो. उठावानंतर तिथे शाह रईस खान यांच्या अध्यक्षतेखाली हंगामी सरकार स्थापन झाले होते. ते जेमतेम दोन आठवडे टिकले आणि १६ नोव्हेंबरला पाकिस्तानचा पोलिटिकल एजंट येऊन त्याच जुन्या खुर्चीवर बसला. पदाचे नावसुद्धा बदलले नाही!

याच्या शेजारी आसाम रायफल्स ठेवून पाहावे. १८३५ च्या कछार लेव्हीतून वाढलेले हे दलही डोंगरी सरहद्दीसाठीच होते, पण त्यात गुरखे आणि खालच्या सपाटीतली माणसे मोठ्या संख्येने असत. ज्या डोंगरात पहारा, तिथल्याच राजाची माणसे असा प्रकार नव्हता. १९४७ मध्ये ते दल न फुटता सगळेच्या सगळे भारताकडे आले. उलट १९१९ च्या अफगाण युद्धात खैबर रायफल्स या स्थानिक टोळ्यांतून भरलेल्या दलाच्या जवानांना राहायचे की जायचे असे विचारले, तेव्हा बहुसंख्यांनी घरची वाट धरली आणि दल मोडावे लागले. गिलगिटची पूर्वसूचना २८ वर्षे आधीच मिळाली होती.

पुढे याच स्काउट्सनी बाल्टिस्तानातल्या स्कर्दूच्या वेढ्यात भाग घेतला. संस्थानी फौजेचे अधिकारी शेरजंग थापा यांनी तिथली छावणी सहा महिने लढवली आणि १४ ऑगस्ट १९४८ रोजी ती पडली. पाकिस्तानने १९७० च्या दशकात स्काउट्स मोडून त्यांतून नॉर्दर्न लाइट इन्फंट्री घडवली, तीही निमलष्करीच. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर तिचे जवान होते, आणि ते मुजाहिदीन आहेत असे पाकिस्तान जगाला सांगत होता. युद्ध संपल्यावर तिला नियमित रेजिमेंटचा दर्जा मिळाला, आणि यासिन खोऱ्यातल्या हवालदार लालक जानला निशान-ए-हैदर हा पाकिस्तानचा सर्वोच्च लष्करी सन्मान, मरणोत्तर.