मास्तर भियेले

सोमवारी सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत आला. रोजच्यासारखे चार उंडे पिशवीत टाकले, सुटे पैसे परत केले आणि पेडलवर पाय ठेवता ठेवता म्हणाला, "मास्तर, शेनवारा भियेल्ले खंय?"

आवाजात थट्टा नव्हती, हे जास्त लागलं. समाचाराला आल्यासारखा विचारत होता. हा पदेर आमच्या वाड्यानंतर आणखी दोन गावं करतो, म्हणजे साडेसातपर्यंत बातमी नदीपलीकडे गेलेली असणार. शाळेत पोचलो तर आठवीच्या फळ्यावर खडूनं दोन वटारलेले डोळे काढलेले आणि खाली एकच अक्षर, 'हूऽऽ'. ऱ्हस्व-दीर्घ मात्र बरोबर. मराठी मीच शिकवतो.

तर शनिवारी झालं ते असं. बायको आणि मुलगी फोंड्याला लग्नाला गेल्या होत्या, बाहेर धो धो पाऊस, आणि रात्री अकरा वाजता मी एकटा लॅपटॉपवर 'द कॉन्ज्युरिंग' बघत होतो.

इतका भित्रा माणूस असले सिनेमे बघतो कशाला, हे मला पंचवीस वर्षं विचारलं जातंय. मला उलट वाटतं, हे सिनेमे खरे आमच्यासारख्यांसाठीच काढलेले असतात. जो घाबरतच नाही, त्यानं तिकिटाचे पैसे कशाला दिले? तो थिएटरात बसून मक्याच्या लाह्या खातो आणि मध्यंतरात 'काही दम नाही' म्हणतो. माझे पैसे जाहिरातींतच वसूल होतात. तरी शूर मानायचं त्याला, आणि हसायचं मला. हा न्याय कुणी ठरवला, माहीत नाही.

अर्थात मी बघतो ते पद्धतशीर बघतो. पहिली गोष्ट म्हणजे शेवट आधी वाचून काढायचा. दुसरी, आवाज बंद ठेवायचा, कारण भूत डोळ्यांतून येत नाही, कानांतून येतं. हिचकॉकच्या 'सायको'तल्या (1960) न्हाणीघराच्या प्रसंगाला आधी संगीत नकोच होतं. बर्नार्ड हर्मननं ती व्हायोलिनं लिहिली, हिचकॉकनं ऐकली आणि मत बदललं. मी ती बंद करून बघितला, तर एक बाई आंघोळ करतेय आणि कुणीतरी पडद्याशी झटापट करतंय, एवढंच. वर ते रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक. कृष्णधवल सिनेमा, कुणाला कळणार! तिसरी युक्ती हीच, आतली माहिती काढून ठेवायची. 'हॅलोविन'मधला (1978) तो पांढऱ्या चेहऱ्याचा खुनी कोण, तर अंतराळातल्या मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा मुखवटा, वर पांढरा रंग मारलेला. 'एक्झॉर्सिस्ट'मध्ये (1973) श्वासाची वाफ दिसावी म्हणून खोली बर्फासारखी गार केली होती आणि मान गरकन मागे फिरवणाऱ्या त्या झपाटलेल्या मुलीची ओकारी म्हणजे वाटाण्याचं सूप. हे कळल्यावर भीती पळाली, पण सूप गेलं. लग्नात कुणी वाटाण्याचं सूप पुढे केलं की मी आधी वाढप्याची मान कुठल्या बाजूला आहे ते बघतो.

'तुंबाड' (2018) मात्र मी पणजीत, थिएटरात, आवाजासकट आणि डोळे उघडे ठेवून पूर्ण बघितला. त्यातला हस्तर पिठाच्या बाहुल्यांना भुलतो आणि माणूस सोन्याच्या मोहरांना, आणि त्या पावसात भिजलेल्या वाड्यात मला हस्तरपेक्षा माणसाचीच भीती वाटली. दिग्दर्शक राही बर्वेचे आभार. तो एक माझ्या नावावर जमा आहे. बायको म्हणते, अर्धा वेळ तिचं मनगट धरलं होतं. असेल.

असो. 'कॉन्ज्युरिंग'मध्ये घरातली मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून लपाछपी खेळतात. लपलेल्यानं टाळी वाजवायची आणि शोधणाऱ्यानं आवाजाच्या दिशेनं जायचं. आई शोधत असते. कपाटाचं दार किर्र करून उघडतं, आतून दोन हात बाहेर येतात आणि टाळी वाजते. आवाज मी बंदच ठेवला होता. तरीसुद्धा टाळी ऐकू आली.

दोनदा.

पुढचं मला आठवत नाही. शेजारच्या शाणूकाकांना आठवतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जी किंकाळी उठली ती ऐकून त्यांना आधी वाटलं, बाई किंचाळली. मग आठवलं, बाई तर फोंड्याला गेलीय. मग त्यांनी दांडा घेतला आणि सरळ आत आले. दाराला कडी नव्हती. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, एका हातात विजेरी, दुसऱ्यात दांडा, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मी पुन्हा किंचाळलो.

"कितें जालें मरे? पंप बंद कर! उदक आमच्या आंगणांत पावलें!"

टाकी भरून वाहत होती. घंटी वाजेना म्हणून ते बाहेर टाळ्या वाजवत होते.

पंप बंद करून येईपर्यंत काका माझ्या खुर्चीत बसले होते आणि माझे भाजलेले काजू त्यांच्या मांडीवर होते. शाणूकाका चौऱ्याहत्तर वर्षांचे. बोलतात कोकणी, भजन, भांडण आणि अर्ज मात्र मराठीत. लॅपटॉपकडे हनुवटी करून म्हणाले, "कोण ही?"

म्हटलं, ही आई. नवऱ्याबरोबर आणि पाच मुलींबरोबर या घरात राहायला आलीय. अमेरिकेत, ऱ्होड आयलंडला. साल 1971.

"आणि कपाटात?"

"भूत. बथशेबा नावाची बाई. पूर्वी तिचीच जमीन होती ही. शंभर वर्षांपूर्वी तिनं झाडाला गळफास घेतला आणि मरताना शाप दिला, जो कोणी माझी जमीन घेईल त्याला सोडणार नाही."

काकांचा काजू खाणारा हात थांबला. ताठ बसले आणि मराठीवर आले.

"म्हणजे मूळ रहिवासी ती."

"हो, पण ती मेलीय."

"तिचे वारस?"

"काका, ती चेटकीण आहे."

"असेल. चेटकिणीला घर नको? जमिनीचं पुढं काय झालं?"

"तुकडे पडले. विकले गेले."

"तिला नोटीस दिली?"

मी गप्प. दिग्दर्शकाला हा प्रश्न कुणी विचारला असेल असं वाटत नाही.

"यांनी घर घेताना जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा बघितला? रहिवाशाच्या रकान्यात कोणाचं नाव होतं? नाही ना बघितला? मग आता बोंबलून काय उपयोग! ती शंभर वर्षं तिथंच राहतेय. ती मुंडकार झाली, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारी. मुंडकाराला असं पाद्री आणून हाकलता येत नाही. पंच्याहत्तर सालचा कायदा आहे."

मी म्हटलं, तो गोव्यात. काका म्हणाले, माणुसकी सगळीकडे सारखी असते.

मग मी म्हणालो, हे लोक तरी काय करणार, सगळे पैसे या घरात अडकलेत, निघून जाता येत नाही. काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "जमीनमालक भाटकारसुद्धा हेच सांगतो," म्हणाले. "आणि नैवेद्याचा रोट देत होते तिला? सोरो, दारू? वर्षाला एक नारळ? काही नाही? अरे, आपल्या राखणदाराला, देवचाराला, एक वर्ष रोट चुकला तर तो वाट अडवतो. हिनं नुसती टाळी वाजवली. गरीब बाई आहे ही."

इथं थोडं बाजूला जातो. मी नऊ वर्षांचा असताना बाबा मला साळ गावी गडे, म्हणजे अंगात आलेले भाविक, बघायला घेऊन गेले होते. शिगम्याचे दिवस, मध्यरात्र. समोर काळा डोंगर, आणि लोक सांगत होते, ती बघ, देवचाराची मशाल. मला दिसली की नाही, आजही सांगता येणार नाही, कारण मी बाबांच्या धोतरात तोंड खुपसलं होतं. पण गडे अंधारात धावत सुटले तेव्हा आजूबाजूच्या शेकडो लोकांनी एकदम श्वास रोखला, तो मला ऐकू आला. मोठी माणसं, मिशावाले, सगळे भ्यालेले. कुणी कुणाला हसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पदेरानं कुणाला विचारलंही नव्हतं.

हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "तिथं भ्यायचंच असतं. हे काय, कंप्युटरला भ्यायचं?"

मला राग आला. अजून आहे. काकांची निर्भयता ही काही मर्दुमकी नाही. देवचार पक्का शेजारी मानलाय आणि त्याचा हप्ता वेळेवर पोचतो, म्हणून ती आहे. मी हप्ता कुणाला भरणार? आणि खरं सांगायचं तर काकांना ज्याची भीती वाटते ती गोष्ट मला माहीत आहे. ते राहतात ते घर त्यांच्या आजोबांनी बांधलं, जमीन भाटकाराची. भाटकाराची तिसरी पिढी मुंबईत. काकांनी 1998 साली घर आणि भोवतालची जमीन नावावर करून घ्यायला अर्ज केला. गावात तीनशे चौरस मीटरपर्यंत मिळते, म्हणजे मागच्या दोन माडांपर्यंत. तेव्हापासून साहेब बदलतात, तारीख बदलते, काजूच्या दुकानाच्या पिशवीतली फाईल तेवढी जाड होते. गेल्या वर्षी बाजूची सगळी भाट कुणा दिल्लीवाल्यानं घेतली. वाड्यातली चार मोठी घरं आता वर्षाचे अकरा महिने कुलपात असतात. रात्री त्यांच्यावरून जाताना मी पाय उचलतो, आणि त्यांत भूतसुद्धा राहत नाही याची मला खात्री आहे. दिल्लीवाल्यानं कुंपण घालायला चिरे आणून टाकलेत. ते काकांच्या न्हाणीपासून हातभर अंतरावर आहेत.

असं आहे. पण म्हणून माझे काजू संपवायचे?

साडेबाराला काका उठले. "झोप आता," म्हणाले आणि शीळ घालत निघाले. घरात मी, लॅपटॉप आणि बायकोच्या माहेरचं सागवानी कपाट. कपाटाच्या दाराला एक वाईट सवय आहे, पावसात लाकूड फुगलं की ते मधूनच आपोआप सुटतं. सात वर्षं सुतार आणतो म्हणतोय.

ते सुटलं.

यापुढचा भाग गाळायचा विचार होता, पण तीन गावांना माहीत आहे तर तुम्हालाही असू दे. मी छत्रीसुद्धा न घेता काकांच्या सोप्यावर पोचलो. काकींनी काही विचारलं नाही. चटई घातली, चादर दिली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि आतल्या खोलीतला दिवा चालू ठेवून दार अर्धं उघडं ठेवलं. लहान मुलांसाठी ठेवतात तसं. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे, माध्यमिक शाळेत शिक्षक आहे, आणि मला लगेच झोप लागली.

रविवारी देवळात भजनाला काकांनी सगळं सांगितलं. काकी म्हणाल्या, वाईट हेतूनं नाही सांगितलं. बायकोला फोंड्यात लग्नाच्या पंगतीतच कळलं. कोणी कळवलं, याचा शोध चालू आहे.

काल संध्याकाळी काका आले. फाईल काखेत, तारखेवरून येत होते. साहेब रजेवर. पायरीवर बसले, चहा घेतला, बराच वेळ चिऱ्यांच्या ढिगाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, तुला असली पिक्चरं माहीत. शेवटाला भुताला घर मिळतं असं एखादं आहे?"

मी खूश झालो. शेवट आधी वाचायची सवय कुठंतरी उपयोगी पडली. म्हटलं, आहे, 'द अदर्स', 2001 सालचं. एक आई आणि तिची दोन मुलं जुन्या वाड्यात राहतात, त्यांना वाटतं घरात भुतं शिरलीत. शेवटी कळतं, भुतं हीच तिघं. शिरलेली ती जिवंत माणसं. आणि आई मुलांना घेऊन ठाम सांगते, घर आमचं, आम्ही इथून हलणार नाही.

काकांचे डोळे चमकले. "कचेरीत गेली?"

"नाही. कुठंच नाही."

"आणि ती दुसरी माणसं?"

"निघून जातात. सामान गाडीत भरून. आणि फाटकावर पाटी लागते, घर विकणे आहे."

"विकणे आहे?"

काकांनी कप खाली ठेवला. थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"म्हणजे परत कोणी दिल्लीवालाच येणार," म्हणाले. "हे नको. दुसरं बघ."