टक्का वाढवायचाय? मग लग्नाला चला

बेळगावकडच्या सीमाभागातला मराठी टक्का घसरतोय म्हणून तुमचा जीव तुटतो ना? मग आधी एखादं लग्न गाठा. पंगतीत दुसऱ्याची सून शोधा आणि वाढप्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारा, 'दुसरं कधी गं? आपली माणसं कमी व्हायला लागलीत की!' गेल्या आठवड्यात खानापुरात एका काकांनी माझ्या सुनेला असंच विचारलं. तिनं हातातला मांडा ताटात ठेवला तो ठेवलाच.

आकड्यांच्या नादी लागू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 1.7; कर्नाटकाचाही 1.7. पिढीची जागा पिढीनं भरायला 2.1 लागतो. म्हणजे पलीकडची कानडी वहिनीसुद्धा एकादोघांवरच थांबलेली. खरं हे सांगून भांडणाची मजा कशाला घालवायची?

जनगणनेवाला दारात आला तर मातृभाषेच्या रकान्यात तो काय लिहितोय ते बघू नका. चहा द्या, वाटेला लावा. 2021 ची मोजणीसुद्धा वेळेवर झाली नाही, मग एवढी घाई कसली!

1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळा दिन पाळा, सायकल फेरीत पुढं राहा आणि दुसऱ्या दिवशी नातवाला इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसवा. पोराला इंजिनीअर करा, पुण्याला धाडा, तिकडंच फ्लॅट घेऊन द्या. जो जिथं राहतो तिथंच मोजला जातो, म्हणजे तुमचा एक मराठी माणूस इथून वजा. मागोमाग सून वजा, नात वजा. मग म्हातारीलाही 'तिकडं करमेल' म्हणून घेऊन जा. घराला कुलूप, तुळशीवृंदावनात गवत. आमच्या गावच्या मराठी शाळेत पहिलीचा अख्खा वर्ग एका बाकावर मावतो. ती पोरं जन्मली नाहीत असं नाही हो! जन्मली, बारसं जेवलात तुम्ही, आणि नंतर तुम्हीच त्यांना गाडीत बसवून दिलंत!

काका, आता सरळच बोलते. तुमचा मुलगा हिंजवडीत आहे. तुमच्या नातीला मराठी पाटी वाचता येत नाही, आणि ते तुम्ही कौतुकानं सांगता. जन्म, मृत्यू, स्थलांतर: लोकसंख्या या तिघांनी हलते. त्यातला जन्म तेवढा तुम्हाला दिसतो, कारण त्याचा जाब बाईला विचारता येतो. लाज वाटू द्या जरा. पुढच्या महिन्यात उचगावला लग्न आहे. पंगतीत सुनेच्या शेजारी मी बसणार आहे.