वाइल्डकॅट म्हणजे पोरखेळ नव्हे

अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये एक मत सारखं फिरत असतं: "वाइल्डकॅट, म्हणजे क्वार्टरबॅकला (पास फेकणारा मुख्य खेळाडू) वगळून थेट रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणारा) हातात स्नॅप (खेळ सुरू करताना मागे सोडलेला चेंडू) देणं, हा मायामी डॉल्फिन्स संघानं २००८ मध्ये काढलेला पोरखेळ. पास येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून तो वर्षभरातच संपला."

आधी जन्मकथा. प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांच्या 'सिंगल विंग' या रचनेत शंभर वर्षांपूर्वीही सेंटर (रांगेतला मधला खेळाडू) चेंडू थेट मागच्या धावपटूकडे सोडायचा. डॉल्फिन्सकडे ही रचना आणली प्रशिक्षक डेव्हिड ली यांनी, तीही आर्कान्सा विद्यापीठाच्या संघातून. तिथे डॅरेन मॅकफॅडन ती खेळत असे.

आता 'पोरखेळ' या शब्दाकडे येऊ, कारण खरा अन्याय इथे होतो. नेहमीच्या धावेत क्वार्टरबॅक चेंडू सोपवतो आणि त्याचं काम संपतं. तो कुणालाच अडवत नाही. म्हणजे धावणारा वगळता नऊ जणांनी अकरा जणांना अडवायचं. थेट स्नॅपमध्ये चेंडू घेणारा आणि धावणारा एकच, त्यामुळे अडवायला आणखी एक माणूस मिळतो. डॉल्फिन्स क्वार्टरबॅक चॅड पेनिंग्टनला कडेला उभा करत. त्याच्यावर नजर ठेवायला बचावातला एक जण तिकडे गेला, की अडवायचा एक जण कमी, म्हणजे फायदा तोच. वर दोन्ही टॅकल (रांगेच्या टोकांचे अडवणारे) एकाच बाजूला, आणि स्नॅपच्या क्षणी दुसरा रनिंग बॅक रिकी विल्यम्स आडवा धावत येणार. स्नॅप घेणारा रॉनी ब्राउन चेंडू त्याला देईल की स्वतः आत घुसेल? बचावपटू तेवढा थबकला तरी वाट मोकळी होते. यात नशिबाचा भाग फार थोडा आहे.

पास येत नाही? २१ सप्टेंबर २००८ ला पेट्रियट्स संघाविरुद्ध या रचनेच्या सहा खेळींत चार टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) झाले आणि त्यांतला एक ब्राउनच्या पासवर होता. सामना डॉल्फिन्सनं ३८-१३ असा जिंकला.

'वर्षभरातच संपला' या शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. त्याच मोसमात रेव्हन्स संघानं ही रचना रोखून दाखवली. लांब पास न फेकणाऱ्या माणसासमोर बचाव पुढे सरकून गर्दी करतो, म्हणून कुणी पूर्ण सामना तिच्यावर खेळत नाही. पण गोलरेषेजवळ, एक-दोन यार्डांच्या गरजेला, ती आजही लागते. जानेवारी २०२० मध्ये टायटन्स संघाच्या रनिंग बॅक डेरिक हेन्रीनं थेट स्नॅप घेऊन उडी मारत टचडाउनचा पास दिला, आणि समोर होते तेच रेव्हन्स.