घरीच असते

‘आत्या, तिकडे सहा टक्के पोरं बेकार, आपल्याकडे दहा. काय करायचं इथं राहून?’ फैजपूरहून भाच्याचा मेसेज आला तेव्हा मी जर्मनीत श्टुटगार्टच्या लोकलमध्ये उभी होते. घरच्या ग्रुपवर हा वाद जुनाच: लाडक्या बहिणीला महिना दीड हजार, मग भावाने काय घोडं मारलं?

पहिली गोची वयातच आहे. आपल्या देशाच्या सरकारी पाहणीतले 2023-24 चे 10.2 टक्के हे 15 ते 29 वयाचे, वर्षभराचा हिशेब धरून काढलेले. युरोपात 15 ते 24 मोजतात आणि एका आठवड्याचं विचारतात. केळीचा घड आणि कापसाचं गाठोडं एकाच काट्यावर ठेवून भाव काढण्यातला प्रकार. त्यात ‘तिकडे’ म्हणजे नेमकं कुठे? स्पेनमध्ये याच वयाच्या, कामाच्या बाजारात उतरलेल्या पोरांत साधारण चारातला एक जण बेकार आहे.

जर्मनीत पोरं कमी बेकार आहेत, हे मात्र खरं. शाळा सुटली की बरीचशी ‘आउसबिल्डुंग’ला लागतात. आठवड्यात एक-दोन दिवस शाळा, बाकी दिवस कारखान्यात किंवा दुकानात, दोन ते साडेतीन वर्षं, पगारासह. आपली युवा प्रशिक्षण योजना 2024 ला सुरू झाली ती सहा महिन्यांची. सहा महिन्यांत मशीनशी तोंडओळख होते, बस.

पण आउसबिल्डुंगच्या त्या शिकाऊ उमेदवारीतही पोरं मोटारीच्या वर्कशॉपात आणि पोरी डॉक्टरच्या काउंटरमागे, हे चित्र इथेही फारसं पुसलेलं नाही. बायका कामाला जातात, त्यातल्या निम्म्या अर्धवेळ. पुरुषांत अर्धवेळ करणारे आठातला एखादा. माझी सहकारी तीन वाजता लॅपटॉप मिटून पाळणाघराकडे पळते. मूल लवकर तिथे ठेवलं तर सासरचे तिला ‘राबेनमुटर’ म्हणतात, म्हणजे डोमकावळी आई. 1977 पर्यंत पश्चिम जर्मनीत कायदाच असा होता की घरकाम सांभाळून जमत असेल तरच बायकोने नोकरी करावी. एका पिढीपूर्वीची गोष्ट! वर्षाच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क 2013 ला आला.

आता आपला आकडा. 15 वर्षांवरच्या बायकांत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या 2017-18 ला 23.3 टक्के होत्या, 2023-24 ला 41.7 झाल्या. ग्रुपवर कुणीतरी टाळ्या पाठवल्या. पण ही वाढ मुख्यतः गावाकडची आणि स्वतःच्या शेतातली, धंद्यातली. त्यात घरच्या कामाला बिनपगारी हातभार लावणाऱ्याही आल्या.

मी लहान असताना एक गुरुजी घरोघरची नोंद घ्यायला ओट्यावर वही घेऊन बसले होते. ‘ह्या काय करतात?’ वडील म्हणाले, ‘काही नाही, घरीच असते.’ माय तेव्हा वेचणीहून आली होती. कमरेला बांधलेली ओटी अजून सुटली नव्हती, वाळलेल्या बोंडांनी बोटं ओरबाडलेली. तिनेच गुरुजींना पाणी आणून दिलं. दुसऱ्याच्या शेतात किलोवर वेचलं तर ती मजूर, स्वतःच्या शेतात वेचलं तर काहीच नाही. सातबारा तर वडिलांच्याच नावावर. नियमाप्रमाणे घरच्या शेतात राबणारी बाई कामातच धरायची असते. पण उत्तर देणारा जे सांगेल तेच वहीत उतरतं. त्यामुळे नव्या आकड्यात किती बायका खरंच नव्याने कामाला लागल्या आणि किती आधीपासूनच राबत होत्या, हे मला उमगत नाही.

भाच्याला जर्मनीला यायचंय. महाराष्ट्र सरकारने 2024 ला आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून घरात हेच. भावाने त्याला जळगावला जर्मनच्या क्लासला घातलंय. भाच्याची थोरली बहीण नर्सिंग झालेली आहे, आणि इथली हॉस्पिटलं नर्सेसच्या शोधात आहेत. रविवारी फोनवर विचारलं, ‘दादा, तिची फी का नाही भरली?’

‘तिचं काय,’ तो म्हणाला, ‘चोपड्याचं स्थळ आलंय. तोवर घरीच आहे.’

मागून मिक्सरचा आवाज येत होता.