५० मिनिटं ताटकळवलं, ती चूक आमचीच

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. एकच स्टार दिलात. साडेचारची वेळ देऊन ५० मिनिटं बसवलं, रिसेप्शनवरून ‘त्याला जरा शांत करा ना’ ऐकवलं, आत दाताचं काहीच काम न करता ४०० रुपये घेतले आणि वर ‘बेशुद्ध करावं लागेल’ म्हणून घाबरवलं, असं तुमचं म्हणणं. मुलाला ऑटिझम आहे हे तुम्हीच लिहिलंत, म्हणून तेवढंच बोलते. त्याच्या दातांत काय दिसलं ते इथे लिहिणार नाही.

पहिल्या दोन गोष्टींवर सारवासारव करत नाही. मे महिन्यातली नागपूरची दुपार, वेटिंगमध्ये खच्चून गर्दी, खिडकीतल्या कूलरची घरघर, आतून सक्शनचा आवाज. मोठी माणसं कावतात तिथे, आणि आम्ही त्याला नेमकं कूलरसमोरच्या बाकावर बसवलं. तो कानावर हात दाबून डोलत होता, हे मी दारातून पाहिलं आणि तरी हातातलं रूट कॅनाल संपवायला परत आत गेले. ‘शांत करा’ म्हणणाऱ्या मुलीला मी नंतर बोलले खरी, पण तिला आधी शिकवायला हवं होतं ते मी शिकवलंच नव्हतं.

काम न करण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. आधीच्या दवाखान्यात चौघांनी धरून १५ मिनिटांत दाढ भरली, मग इथे का नाही, असं तुम्ही विचारलंत. दाढ तशी भरता येते हो. पण पुढच्या वेळी पोर जिन्यातच पाय रोवून उभं राहतं. सूज चढली असेल, ताप असेल तर गोष्ट वेगळी. एरवी मी धरून काम करत नाही. त्या दिवशी आरसा आधी त्याच्या नखावर टेकवला, मग ओठाला, मग एका दाताला. तेवढ्यात त्याने तो माझ्या हातून घेतला आणि त्यात दिवा बघत बसला. पहिल्या दिवसाचं काम तेच होतं. तुम्हाला तसं सांगायचं राहून गेलं.

आणि ‘बेशुद्ध’ हा शब्द मी दारात उभ्या उभ्या टाकला, पुढचा पेशंट आत येत असताना. तो असा टाकायचा शब्द नव्हे. पूर्ण भूल माझ्या खुर्चीत देत नाहीत. हॉस्पिटलच्या थिएटरमध्ये, भूलतज्ज्ञ हजर असताना, आधी तपासण्या करून, काही तास उपाशी ठेवून देतात. बरेच दात किडलेत आणि मूल खुर्चीत टिकतच नाही, तेव्हा एकाच वेळी सगळं उरकायला तिचा उपयोग. त्याच्या अलीकडे आणखी एक उपाय असतो, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा. किडलेल्या जागी थेंब लावायचा, ना सुई ना ड्रिल. कीड बहुतेकदा थांबते, पण ती जागा काळीकुट्ट पडते आणि तशीच राहते. समोरच्या दातावर ते आई-बाबांना चालेल का, हे फोटो दाखवून आधी विचारावं लागतं. कुठल्या मुलाला काय, ते समोर बसून ठरवू.

४०० रुपये परत करते. फी तपासणीची होती, पण त्या ५० मिनिटांनंतर ती घेणं बरं दिसत नाही. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचं निरामय कार्ड काढलं नसेल तर काढा. ऑटिझमला ते लागू आहे, १ लाखापर्यंतचं आरोग्यविम्याचं संरक्षण मिळतं. माझ्याकडे यायचं नसेल तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

यायचं असेल तर बुधवारी सकाळी १० वाजता या. त्या तासाला दुसरा पेशंट घेत नाही, कूलरही बंद असतो. खालूनच फोन करा, तयारी झाली की वर बोलावते. रिसेप्शनवर एका पाकिटात प्लास्टिकचा नवा आरसा ठेवलाय, वर नाव नाही, नुसतं ‘बुधवार’ लिहिलंय. तो आधीच नेलात तर उत्तम, ब्रशच्या वेळी त्याच्या हातात देत जा.