त्यांचं कोण करतं?

मिरजेला आमच्या घरी कुणी भेटायला आलं, की आईच्या पलंगाकडे बघून हलक्या आवाजात विचारतं, "त्यांचं कोण करतं?" दादा म्हणतो, "हीच करते सगळं." पाहुणे वहिनीकडे कौतुकानं बघतात, "नशीबवान आहेत हो आई" म्हणतात, आणि चहा येतो. पार्किन्सन्समुळे आई गेल्या सहा वर्षांत हळूहळू अंथरुणाला खिळली. त्या सहा वर्षांत "आणि करताना तुमचं कसं चाललंय?" असा पुढचा प्रश्न मी कुणाकडून ऐकला नाही. मीही तो विचारला नव्हता.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. नवऱ्याला पक्षाघात झाल्यापासून त्याचं मी करते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या महापालिकेकडून, माझ्या नावानं एक जाड पाकीट आलं. आत प्रश्नावली होती. घरच्या माणसाला सांभाळणाऱ्या प्रौढांकडून इंग्लंडमधल्या कौन्सिली ती २०१२-१३ पासून साधारण दर दोन वर्षांनी भरून घेतात. मनाजोगतं काही करायला तुम्हाला वेळ मिळतो का? स्वतःच्या दिवसावर तुमचा ताबा आहे का? स्वतःच्या जेवणाझोपेकडे लक्ष देता येतं का? हव्या त्या माणसांना भेटता का? सुरक्षित वाटतं का? कुणी पाठीशी आहे का? या सहा उत्तरांतून बारापैकी गुण निघतात. शिवाय आणखी एक प्रश्न होता: तुमच्या माणसाच्या मदतीबद्दल बोलणं झालं, तेव्हा तुम्हाला हवं तितकं त्यात सामील करून घेतलं का? त्या प्रश्नापाशी मी बराच वेळ बसून होते. नवऱ्याला दवाखान्यातून घरी सोडताना त्याला गिळायला त्रास होतो आहे, हे मी तीनदा सांगितलं होतं आणि कुणी ते लिहून घेतलं नव्हतं. ते विचारण्याजोगं आहे, हे मला त्या कागदामुळे कळलं.

"तिकडे सगळं सरकार बघतं" असं गावाकडे फार ऐकते, म्हणून हेही सांगायला हवं. ते बारापैकीचे गुण २०१२-१३ मध्ये सरासरी ८.१ होते आणि २०२३-२४ मध्ये ७.३. म्हणजे विचारत राहिले आणि हाल वाढत गेले. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये बिनपगारी सांभाळणारे सुमारे ५० लाख निघाले. पण ही प्रश्नावली जाते ती कौन्सिलच्या नोंदीत असलेल्यांनाच. ज्यांनी कधी मदत मागितली नाही, त्यांचं उत्तर कुठेच नाही. आठवड्याला ३५ तास सांभाळणाऱ्याला इथे भत्ता मिळतो, मात्र कमाई ठरलेल्या मर्यादेच्या एक पौंड जरी वर गेली तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. हा भत्ता १९७६ मध्ये सुरू झाला तेव्हा विवाहित स्त्रियांना तो नव्हताच. त्या तशाही घरीच असतात, हा त्यामागचा विचार. ती अट १९८६ मध्ये, युरोपीय न्यायालयात प्रकरण गेल्यावर सुटली. त्यामुळे बायकांचं करणं गृहीत धरण्यात हा देश आपल्यापेक्षा वेगळा होता असं मी मानत नाही. फरक एवढाच की इथे घसरण आकड्यात दिसते आणि तो आकडा हातात घेऊन माणसं भांडू शकतात.

आपल्याकडे या विषयावर वाद होतात ते वृद्धाश्रमावर, परदेशी गेलेल्या मुलांवर आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यावर. हे वाद खोटे नाहीत. मी स्वतः त्या परदेशी गेलेल्या मुलांपैकी एक आहे आणि ते बोलणं मला लागतं. पण तो कायदा वाचा. आईवडिलांकडे पाठ फिरवणाऱ्याला काय करायचं ते त्यात आहे. जी पाठ फिरवत नाही तिला काय लागतं, ते नाही. त्यातल्या 'अपत्यां'च्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई आले, पण तेही कर्तव्याच्या बाजूनं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे, पगारी असो वा बिनपगारी, आणि जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही आहे. तेवढा एक धागा हाताशी आहे. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेताना दिसल्या, रोज सुमारे १४० मिनिटं, पुरुष २१.४ टक्के, ७४ मिनिटं. यात मुलांचं करणंही आलं. मिनिटं मोजली गेली, हे चांगलंच झालं. त्या मिनिटांत दवाखान्यानं तिला कसं वागवलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी त्या प्रश्नावलीचं मराठी करून फोनवर वहिनीला वाचून दाखवलं. ती आईच्या खोलीत होती, दादा शेजारी पेपर वाचत होता. प्रत्येक प्रश्नाला "छान आहे गं, काही त्रास नाही" एवढंच उत्तर. दोन दिवसांनी तिनं गच्चीवर कपडे वाळत घालताना स्वतःहून फोन केला आणि म्हणाली, "परत वाच." त्या वेळी उत्तरं वेगळी आली. दवाखान्यात दिवसातून दहा वेळा "पेशंटबरोबर कोण आहे?" अशी हाक येते. ती पुढं होते. हातात औषधांची चिठ्ठी पडते, किंवा बिल, किंवा सहीचा कागद. डॉक्टर राउंडला आले की दादाशी बोलतात, आणि दादा तर अर्ध्या तासापूर्वी आलेला असतो. आईला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लावून घरी सोडलं, तेव्हा पिशवी कशी रिकामी करायची ते तिला वॉर्डातल्या मावशींनी जिन्यात दाखवलं. "मला बोलायचं असतं," ती म्हणाली, "पण माझं नाव कुठल्या कागदावर आहे?"

म्हणून कुणी "सेवा मोजायची नसते" म्हणालं की मला राग येतो. वहिनीची माया कुणी मोजू नये, हे मलाही मान्य आहे. मोजायचं आहे ते दवाखान्याचं तिच्याशी वागणं. सांभाळणाऱ्यावरचं ओझं मोजण्याच्या प्रश्नावल्या डॉक्टरांकडे पूर्वीपासून आहेत. संशोधक झारिट यांची बावीस प्रश्नांची तर १९८० च्या दशकापासून जगभर वापरतात. त्या उपयोगी आहेत. पण फक्त ओझंच मोजलं तर शेवटी निष्कर्ष तिच्यावर येतो: हिला झेपत नाही. अनुभव विचारला की जबाबदारी दवाखान्यावर जाते: तुम्ही तिला शिकवलंत का, तिचं ऐकलंत का, रात्री अडचण आली तर कुठे फोन करायचा ते सांगितलंत का.

आणि विचारायचं कसं, हे त्या गच्चीनं मला शिकवलं. डिस्चार्जच्या गडबडीत, पेशंटसमोर, घरातल्या मोठ्यांसमोर विचारून उपयोग नाही. घरी नेल्यावर पंधरा दिवसांनी, जी प्रत्यक्ष करते तिलाच, एकटीला फोन करायचा. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर एक ओळ वाढवावी लागेल: घरी कोण करणार, नाव आणि नंबर. सुरुवात एखाद्या जिल्हा रुग्णालयातल्या एका वॉर्डापासूनही होऊ शकते. माणूस गेल्यानंतरही विचारायला हवं. इंग्लंडमध्ये २०११ ते २०१५ पर्यंत शोकाकुल नातेवाइकांना शेवटच्या तीन महिन्यांतल्या उपचारांबद्दल राष्ट्रीय पातळीवर विचारलं जाई. ते थांबवलं, ही मला या देशाची मोठी चूक वाटते.

शब्दांची तर आपल्याकडे उणीव नाही. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात आजारी माणसाला 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याचं करणाऱ्याला 'शुभंकर'. इंग्रजीत इतका मायेचा शब्द मला सापडलेला नाही. तो वहिनीला सांगितला तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शब्द छान आहे. तुझ्या त्या कागदावर झोपमोडीचं काही आहे का? रात्री आईंना कूस बदलायला मी तीनदा उठते."

आहे, मी म्हटलं. झोप मोडते का, असा वेगळा पर्याय आहे.

"मग तो आधी वाचायचास."