आखेनहून, फ्लॅट तारण ठेवणाऱ्यांच्या बाजूने

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत सध्या एकच विषय चघळला जातोय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मुलाच्या एमएससाठी फ्लॅट बँकेकडे तारण ठेवला, मुलगा अमेरिकेला निघाला, आणि ज्यांना कुणी विचारलं नव्हतं ते सगळे म्हणू लागले, "कशाला एवढं कर्ज? जर्मनीत फुकट शिकवतात की!" मी जर्मनीत आखेनला शिकले, म्हणून पुरावा म्हणून माझं नाव पुढे करतात. याचा मला मनापासून राग येतो.

आखेनला ट्यूशन फी नाही, सेमिस्टरला साधारण तीनशे युरो भरले की झालं, हे खरं. पण व्हिसासाठी श्पेरकोंटोत, म्हणजे पैसे अडकवून ठेवायच्या बँक खात्यात, 11,904 युरो आधी भरून दाखवावे लागतात, आणि त्यातले महिन्याला 992 हाती येतात. म्हणजे बारा लाखांच्या घरातली रक्कम, तीही रोख आणि आगाऊ. माझ्या वेळी आकडा कमी होता, तरी आईच्या पाटल्या आणि मामाची एफडी मोडावी लागली. ते सोसायटीत कुणाला आठवत नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग हे जर्मन राज्य 2017 पासून आपल्या मुलांकडून सेमिस्टरला 1,500 युरो घेतं, म्युनिकची टीयू, म्हणजे तिथलं तांत्रिक विद्यापीठ, आता मास्टर्सला सेमिस्टरमागे 4,000 ते 6,000 घेते, हेही कुणाच्या गावी नाही.

आमच्या टीममधली वेर्कश्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारी मुलगी, बाफॉगवर, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी-मदतीवर शिकते. निम्मी रक्कम परत करायचीच नाही, उरलेल्या परतफेडीलाही 10,010 युरोंची मर्यादा. आईबापांचं घर मध्ये येतच नाही. इतकी साधी सोय आपल्याकडे का नसावी? राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आहे, ती हवीच, पण जागा मोजक्या. टाटा एन्डॉवमेंट 1892 पासून मदत करतं, तीही कर्जाऊ. बाकीच्यांनी काय करायचं? सरकारी बँक साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आयकरात वजावट आहे, पण फक्त जुन्या करपद्धतीत.

इथे माझ्या टॅक्समधून परक्यांची मुलं फी न भरता शिकतात, आणि मला ते आवडतं. तरी ठाण्याच्या वादात माझं नाव निघालं की आतून बरं वाटतं. अजून मला तिथलीच धरतात. पण माझं नाव घेऊन एका बापाला मूर्ख ठरवू नका.

काकांना मी फोन केला. मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते न भरण्याची मुदत, संपायची वाट बघू नका, मुलगा शिकत असतानाच निदान व्याज तरी भरत जा, एवढं सांगितलं.